सायन्स फिक्शन-फँटसीच्या कार्यशाळा: शिकवायला कोण येतंय ते नंतर, चालवतंय कोण ते आधी बघा

मागच्या दिवाळीत माझी मावसबहीण डोंबिवलीला आमच्याकडे राहायला आली होती. फराळाचं ताट बाजूला सरकवून आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन बसलो, कारण तिला सायन्स फिक्शन लिहायला नीट शिकायचंय, अगदी मनापासून, आणि त्यासाठी अमेरिकेतल्या सहा आठवड्यांच्या कार्यशाळेला अर्ज करायचा हेही ठरलेलं, फक्त कुठल्या ते ठरत नव्हतं. ती पुण्यात आयटीत आहे, मराठीत दोन कथा दिवाळी अंकांत आल्यात, इंग्रजीतही लिहिते. एक एक्सेल शीटच करून आणली होती तिने. फी, किती आठवडे, अर्जाची तारीख, आणि शेवटचा सगळ्यात रुंद कॉलम म्हणजे ह्या वर्षी शिकवायला येणारे लेखक. सगळा जीव त्या शेवटच्या कॉलममधे. "ताई, हे बघ ना कोण येतंय, ह्यांच्यासमोर माझी गोष्ट वाचली जाणार!"

मी म्हटलं, अगं अजून एक कॉलम घाल. पाहुणे निघून गेल्यावर तिथे कोण उरतं?

हे मी उगाच म्हणत नव्हते. काही वर्षांपूर्वी मी एका ऑनलाइन कार्यशाळेला बसले होते, नाव घेत नाही, दर आठवड्याला नवा पाहुणा लेखक होता आणि नावं इतकी मोठी की फी भरताना मी दुसरा विचारच केला नाही. पाहुण्यांबद्दल माझी काही तक्रार नाही, ते चांगलंच बोलले. पण प्रत्येकजण यायचा, त्या आठवड्यापुरती माझी गोष्ट वाचायचा आणि जायचा. पहिल्याने सांगितलं सुरुवात फार रेंगाळते, म्हणून मी ती कापली, तिसऱ्याने सांगितलं की सुरुवातीला हे जग डोळ्यासमोर उभंच राहत नाही, म्हणून मी ते सगळं परत घातलं, आणि दोन्ही वेळा माझं नक्की एकच काय चुकतंय हे बघणारं तिथे कोणीच नव्हतं. चौथ्या आठवड्यात तर एका मुलाच्या कथेवर बोलता बोलता गटातले दोघं त्याच्या इंग्रजीवर घसरले, त्याने कॅमेरा बंद केला आणि तो परत आलाच नाही. मी आयोजकांना मेल केला. उत्तर आलं नाही. तो मुलगा अजून लिहितो का मला माहीत नाही, आणि ते मला अजून लागतं.

म्हणून ही तुलना मी चालवणाऱ्या माणसांची करतेय. सगळ्या ठिकाणी मी गेलेली नाही, एकाही अमेरिकन कार्यशाळेची मी विद्यार्थिनी नाही, पण गेली बरीच वर्षं ह्या लोकांनी लिहिलेलं आणि त्यांच्याकडे शिकून आलेल्यांनी लिहिलेलं वाचत आलेय, आणि बहिणीसाठी परत सगळं एकत्र केलं ते इथे मांडते.

आधी मूळ सांगते, कारण ह्यातल्या बहुतेकांचं मूळ एकाच ठिकाणी सापडतं. पेनसिल्व्हेनियात मिलफर्ड नावाचं छोटं गाव आहे, तिथे सायन्स फिक्शनचे लेखक-संपादक डेमन नाइट राहायचे, आणि १९५६ साली त्यांनी आणि जुडिथ मेरिल, जेम्स ब्लिश ह्या लेखकांनी मिळून लेखकांची एक बैठक सुरू केली. छापून आलेल्या लेखकांनीच यायचं, गोल करून बसायचं, एकेकाने पाळीपाळीने कथेबद्दल बोलायचं, मधे कोणी तोंड घालायचं नाही, आणि ज्याची कथा आहे त्याने सगळ्यांचं होईपर्यंत गप्प राहायचं, मग शेवटी त्याची पाळी. ह्यालाच आज मिलफर्ड पद्धत म्हणतात. मग रॉबिन स्कॉट विल्सन नावाचे इंग्रजीचे प्राध्यापक, जे त्याआधी सीआयएत काम करत होते (हे वाचून मीपण दोनदा खात्री केली), ते ह्या बैठकीला जाऊन आले आणि त्यांना वाटलं की हेच नवशिक्यांसाठी का करू नये. ते त्याच राज्यातल्या क्लॅरियन स्टेट कॉलेजात शिकवायचे. १९६८ च्या उन्हाळ्यात तिथे पहिली कार्यशाळा भरली आणि गावाचं नाव कार्यशाळेला चिकटलं ते कायमचं, पुढे ती त्या गावातून निघून गेली तरी.

क्लॅरियन आणि क्लॅरियन वेस्ट

ह्या दोन्हींत लोक फार गोंधळतात, बहिणीच्या शीटमधेपण दोन्ही एकाच ओळीत होत्या. आराखडा खरंच सारखा आहे. सहा आठवडे, साधारण अठरा विद्यार्थी, उन्हाळ्यात, दर आठवड्याला नवीन लेखक किंवा संपादक शिकवायला, आठवड्याला एक कथा लिहायची आणि रोज सकाळी गोलात बसून दुसऱ्यांच्या कथांवर बोलायचं. पण दोन्ही संस्था वेगळ्या, शहरं वेगळी, आणि चालवणारी माणसं तर अगदीच वेगळ्या धाटणीची.

क्लॅरियनचं म्हणाल तर हे विद्यापीठाच्या आश्रयाने जगलेलं काम आहे. तीन वर्षं मूळ कॉलेजात, मग एक उन्हाळा न्यू ऑर्लिन्सला, मग मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत तीन दशकांहून जास्त. तिथे पैशाची अडचण आली तेव्हा जुन्या लोकांनी क्लॅरियन फाउंडेशन नावाची ना-नफा संस्था उभी केली आणि २००७ पासून कार्यशाळा युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, सॅन डिएगो इथे भरायला लागली, तिथल्या आर्थर सी. क्लार्क सेंटरशी ती आता जोडलेली आहे. म्हणजे आज दोन हात आहेत, एक विद्यापीठ, जे जागा देतं, प्राध्यापकांमधून संचालक देतं, आणि दुसरं फाउंडेशन, जिथे ह्याच क्षेत्रातले लेखक बसतात. लेखिका कॅरन जॉय फाउलर फाउंडेशनच्या अध्यक्ष होत्या. लेखक किम स्टॅनली रॉबिन्सन ह्यांचंही नाव क्लॅरियनशी कायम जोडलं जातं, ते स्वतः १९७५ च्या बॅचचे आणि पीएचडी सॅन डिएगोचीच.

पण क्लॅरियन कोणी घडवलं असं विचारलंत तर उत्तर लेखिका केट विल्हेल्म आणि डेमन नाइट. हे नवराबायको वर्षानुवर्षं तिथे शिकवायला जात राहिले, केटबाईंनी पुढे तिथल्या २७ वर्षांवर एक पुस्तकच लिहिलं आणि त्याला ह्यूगो हा सायन्स फिक्शनमधला मोठा पुरस्कार मिळाला. ह्या दोघांची एक सवय मला फार आवडते. विद्यार्थ्याचं हस्तलिखित वाचता वाचता ज्या ओळीशी एखाद्या संपादकाने वाचणं सोडलं असतं तिथे ते लाल रेघ मारायचे. तिसऱ्या पानावर असेल, पहिल्या परिच्छेदावर असेल, जिथे असेल तिथे. विचार करा, वीस पानांची कथा आहे आणि रेघ दुसऱ्या पानावर! लागतंच ते. पण ज्याला खरंच शिकायचंय त्याला ह्याहून स्पष्ट कोण सांगणार, आणि सांगणारी माणसं अशी की शेवटचे दोन आठवडे तिथेच तुमच्याबरोबर राहणारी. शेवटच्या दोन आठवड्यांना दोन शिक्षकांनी मिळून एकत्र शिकवायचं हा क्लॅरियनचा रिवाज त्यांच्यामुळेच रुजला. म्हणजे दर आठवड्याला नवा पाहुणा असला तरी शेवटी मुलं थकलेली, रडकुंडीला आलेली असतात तेव्हा कोणीतरी दोन आठवडे सलग असतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं आणि तुलना करताना मी ह्याला वेगळे मार्क देईन.

आता सिअ‍ॅटल. क्लॅरियन वेस्टची सुरुवात केली लेखिका व्होंडा मॅकइंटायर ह्यांनी, १९७१ साली, आणि तेव्हा त्या नुकत्याच आदल्या वर्षी क्लॅरियनला विद्यार्थिनी होत्या, वय बावीस! जेनेटिक्स शिकत होत्या. पुढे मोठ्या लेखिका झालेल्या ऑक्टेव्हिया बटलर त्याच १९७० च्या बॅचला. मला ही गोष्ट कितीही वेळा वाचली तरी भारावून टाकते, एक मुलगी सहा आठवडे शिकून येते आणि लगेच म्हणते की हे माझ्या शहरातपण व्हायला पाहिजे. तीन वर्षं चाललं, बंद पडलं. मग १९८४ मधे कवयित्री आणि शिक्षिका जे. टी. स्टुअर्ट आणि मॅरिलिन होल्ट ह्या दोघींनी परत उभं केलं आणि तेव्हापासून ते चालू आहे. आज ती स्वतंत्र ना-नफा संस्था आहे, कुठल्याही विद्यापीठाच्या मर्जीवर नाही. पैसा कुठून येतो? देणग्या, आणि दर उन्हाळ्यात होणारी राइट-अ-थॉन, ज्यात कार्यशाळा चालू असताना जगभरचे लेखक आपापल्या घरी लिहायचं टार्गेट घेतात आणि ओळखीचे लोक त्यांच्या नावाने पैसे देतात. आपल्याकडे वारीला निघालेल्याच्या हातात शेजारीपाजारी काहीतरी ठेवतात ना, तसंच मला ते वाटतं, आपण जाऊ शकत नाही पण कोणीतरी जातंय त्याला हातभार.

ह्यामुळे काय होतं तर क्लॅरियन वेस्टचं वातावरण शहराशी बांधलेलं आहे. बरेच जुने विद्यार्थी तिथेच राहतात, सहा आठवडे गाडीने आणा-सोडा करतात, आजारी पडलेल्याला डॉक्टरकडे नेतात, शिक्षकांची जाहीर वाचनं भरवतात. व्होंडाबाई २०१९ साली गेल्या, तोपर्यंत त्यांचा ह्या कामाशी संबंध तुटला नाही. बटलर १९९९ च्या सुमारास सिअ‍ॅटलकडे राहायला आल्या आणि तिथे शिकवायलाही यायच्या. शिवाय ही मंडळी वर्षभर छोटे ऑनलाइन क्लासेस घेतात, जे आपल्याकडच्या माणसासाठी फार कामाचे आहेत, कारण सहा आठवड्यांची उडी मारण्याआधी ह्या लोकांचा स्वभाव कळतो.

बटलर २००६ मधे वारल्या, त्यानंतर त्यांच्या नावाने एक शिष्यवृत्ती सुरू झाली. कार्ल ब्रँडन सोसायटी ती देते, गोऱ्या नसलेल्या लेखकांना क्लॅरियन किंवा क्लॅरियन वेस्टला जाता यावं म्हणून. इथे आपला थेट संबंध येतो. २००७ मधे श्वेता नारायण ह्या शिष्यवृत्तीवर क्लॅरियनला गेल्या, २०१२ मधे कोलकात्याचे इंद्रप्रमित दास क्लॅरियन वेस्टला, २०१५ मधे मिमी मंडल, त्याही कोलकात्याच्या, त्याही तिथेच. त्याच्याही आधी २००४ मधे लेखक अनिल मेनन क्लॅरियन वेस्टला जाऊन आले होते. म्हणजे तिथे गेलेले पहिले भारतीय तुम्ही नसाल, वाट मळलेली आहे.

दोन्हींतलं एकच निवड म्हटलं तर? माझं मत सांगते. ज्याला विद्यापीठाचा परिसर, लायब्ररी, शेवटचे दोन आठवडे सलग मार्गदर्शक हे हवंय त्याने सॅन डिएगो. ज्याला परक्या देशात एकटं पडायची भीती आहे, जेवणापासून व्हिसाच्या पत्रापर्यंत कोणीतरी आपलं म्हणून विचारणारं हवंय, त्याने सिअ‍ॅटल. बहिणीला मी सिअ‍ॅटल म्हटलं. पण थांबा, तिने नंतर काय केलं ते पुढे आहे.

ओडिसी, म्हणजे एकाच बाईचा वर्ग

ओडिसीचा विचार बहिणीने केलाच नव्हता कारण तिच्या शेवटच्या कॉलममधे तिथे फारशी झगमगीत नावं नव्हती. आणि माझ्या मते तिच्यासारख्या मुलीसाठी पहिलं बघण्यासारखं हेच.

जीन कव्हेलोस ह्या बाईंनी १९९६ साली न्यू हॅम्पशरमधे हे सुरू केलं. त्या मुळात खगोलभौतिकीच्या, नासाच्या जॉन्सन स्पेस सेंटरमधे काम केलेल्या, मग न्यूयॉर्कच्या मोठ्या प्रकाशनात संपादक झाल्या, तिथे त्यांनी चालवलेल्या भयकथांच्या मालिकेसाठी त्यांना वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला. मग नोकरी सोडली आणि शिकवायचं ठरवलं. तेव्हापासून ओडिसी म्हणजे त्या. पाहुणे येतात, एखाद-दोन दिवस बोलतात, पण मुख्य शिक्षिका सहाही आठवडे त्याच. पूर्वी पंधरा-सोळा जणांचा वर्ग भरायचा, आता प्रत्येकाला वेगवेगळं शिकवतात. आणि फक्त एकमेकांच्या कथांवर बोलणं नाही, रीतसर अभ्यासक्रम आहे, कथानक, पात्रं, दृष्टिकोन, शैली, एकेका विषयावर व्याख्यान, त्यावर गृहपाठ, मग कथा. आपल्या शाळेत शिकल्यासारखं म्हणा ना. ज्या माणसाला कोणीही कधी कथा कशी बांधायची हे शिकवलेलं नाही, म्हणजे आपण सगळेच, कारण आपल्याकडे मराठीत कथा लिहायला वाचून वाचूनच शिकतात, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

आणि मला माझ्या त्या कार्यशाळेत जे मिळालं नाही ते इथे मुळातच रचनेत आहे. एकच माणूस तुमच्या सगळ्या कथा ओळीने वाचतो. पहिल्या आठवड्यात जे चुकलं तेच चौथ्यात परत चुकतंय का हे त्याला दिसतं. कव्हेलोस स्वतः प्रत्येकाला वेगळं भेटून हे सांगतात, अर्जाच्या कथेपासून तुमचं काय जमतंय काय नाही ह्याचा माग ठेवतात. क्लॅरियनमधे सहा शिक्षकांची सहा मतं मिळतात, आणि ती आपापल्या परीने मौल्यवान आहेत, कारण बाहेरच्या जगातपण सहा संपादक सहा मतं देणार. पण सहा मतांतून आपलं आपण निवडायला आधी पाय रोवलेले लागतात. ज्याने पन्नास कथा लिहून झाल्यात त्याला ते जमतं, ज्याच्या पाच झाल्यात त्याचा माझ्यासारखा गोंधळ होतो, सुरुवात काप, सुरुवात घाल.

दुसरी बाजूपण सांगायला हवी. एकाच बाईवर सगळं अवलंबून असलं की तिची चव तुमच्या चवीशी जुळली नाही तर सुटका नाही. सहा आठवडे तोच डोळा. क्लॅरियनला नावडता शिक्षक शुक्रवारी जातो. म्हणून अर्ज करण्याआधी ओडिसीच्या फुकट पॉडकास्टमधली व्याख्यानं ऐका, बरीच वर्षं ते टाकतायत, त्यात शिकवण्याची पद्धत लगेच कळते. मी बहिणीला दोन ऐकायला लावली.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, कोविडनंतर ओडिसी ऑनलाइन भरायला लागली. तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक. विमान नाही, व्हिसा नाही, राहायचा खर्च नाही. रुपयात हिशोब करणाऱ्या घरात ह्याने सगळं गणितच बदलतं. पण सहा आठवड्यांतच पूर्ण करायचंय आणि तरी नोकरी करून संध्याकाळी बसू असं मनात असेल तर ते काढून टाका, कथा लिहिणं, व्याख्यानं, गृहपाठ, हे पूर्ण दिवसाचं काम आहे आणि सुट्टी घ्यावीच लागते. ऑनलाइनमधे आणखी एक तोटा म्हणजे रात्री दोनला स्वयंपाकघरात चहा करताना जे बोलणं होतं ते नाही, आणि क्लॅरियनला गेलेले लोक वीस वर्षांनी तेच आठवतात, वर्ग नाही, त्या गप्पा, त्या वॉटर पिस्तुलांच्या लढाया. बॅचची माणसं आयुष्यभराची होतात.

छोट्या मुदतीच्या

सहा आठवडे ज्यांना शक्यच नाहीत त्यांच्यासाठी एक-दोन आठवड्यांच्या जागा आहेत. व्हाएबल पॅरडाइज १९९७ पासूनची, मार्थाज व्हिनयार्ड ह्या बेटावर ऑक्टोबरमधे एक आठवडा, चोवीस विद्यार्थी, आणि इथे शिक्षक एकेक करून येत नाहीत, सगळे एकदम त्याच आठवड्यात तिथेच राहतात. जेम्स मॅकडोनाल्ड आणि डेब्रा डॉयल हे लेखक जोडपं, टेरेसा आणि पॅट्रिक नील्सन हेडन हे संपादक जोडपं, अशी घरगुती माणसं तिथे वर्षानुवर्षं शिकवायची (डॉयलबाई २०२० मधे वारल्या), आणि मदतीला जुने विद्यार्थी परत येऊन कामं करतात. कादंबरीची सुरुवात घेऊन गेलेलं इथे चालतं, क्लॅरियनचा सगळा जोर लघुकथेवर असतो हे कादंबरीवाल्यांनी विसरू नये. टाओस टूलबॉक्स हे न्यू मेक्सिकोत वॉल्टर जॉन विल्यम्स ह्यांनी २००७ मधे सुरू केलेलं दोन आठवड्यांचं, नॅन्सी क्रेस अनेक वर्षं त्यांच्याबरोबर शिकवायच्या, तेही कादंबरीकडे झुकलेलं आणि ज्यांचा हात आधीच बसलाय त्यांच्यासाठी.

पण अशा सगळ्या छोट्या कार्यशाळा दोनचार माणसांच्या उत्साहावर उभ्या असतात. ती माणसं थकली की थांबतं. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला क्लॅरियन साउथ २००४ मधे सुरू झालं, उत्तम चाललं आणि २००९ नंतर भरलं नाही. म्हणून पैसे, रजा, तिकीट ह्यातलं काहीही ठरवण्याआधी ह्या वर्षी ते भरतंय का आणि त्याच माणसांच्या हातात आहे का हे थेट त्यांना विचारून घ्या.

जिथे शिक्षकच नाही

मिलफर्डची बैठक जेम्स ब्लिश आणि त्यांच्या बायको जुडिथ (ह्या वेगळ्या, जुडिथ मेरिल नव्हेत) इंग्लंडला राहायला गेले तेव्हा त्यांच्याबरोबर तिकडे गेली. १९७२ मधे पहिल्यांदा भरली ती मिलफर्ड-ऑन-सी नावाच्या गावात, केवळ नाव जुळतं म्हणून! आता वेल्सच्या उत्तर भागात नँटल दरीत तळ्याकाठी भरते, सप्टेंबरमधे एक आठवडा, जास्तीत जास्त पंधरा लेखक. इथे शिक्षक नाही, विद्यार्थी नाही. सगळे सारखे. चालवते ती लेखकांचीच समिती, हिशोबापासून खोल्यांच्या वाटपापर्यंत. सकाळी वाचन, दुपारी गोल करून बोलणं, प्रत्येकाला मोजून चार मिनिटं. अट एकच, निदान एक कथा कुठेतरी विकली गेलेली हवी.

मला मनातून हेच सगळ्यात आवडतं. पण हे पहिल्या पायरीवरच्यांसाठी नाही, हे आधी सांगते. शिकवणारं कोणी नसतं तेव्हा आपलं काय घ्यायचं काय सोडायचं हे स्वतःलाच कळावं लागतं.

आपल्याकडे? २००९ मधे आयआयटी कानपूरला तीन आठवड्यांची कार्यशाळा झाली होती, चालवणारे तेच अनिल मेनन, लेखिका वंदना सिंग आणि कानपूरच्याच प्राध्यापक सुचित्रा माथुर. म्हणजे एक माणूस सिअ‍ॅटलला शिकून येतो आणि पाच वर्षांनी तेच इथे उभं करतो, बरोब्बर व्होंडाबाईंसारखं. मराठीत आपल्याकडे सहा आठवड्यांचं असं काही नाही, पण मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा आहे, जिच्यात १९७४ साली जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप ह्या नावाने कथा पाठवली, आपलं नाव बघून परीक्षकांनी बक्षीस देऊ नये म्हणून, आणि पहिलं बक्षीस मिळालं. हे मी इथे का आणलं तर नावाकडे न बघता मजकूर वाचणारी माणसं असणं हीच कुठल्याही कार्यशाळेची पहिली गरज आहे, आणि ती आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वी होती.

चालवणाऱ्यांना काय विचारायचं

हे मी बहिणीला लिहून दिलं, तसंच इथे देते. माझा अर्ज वाचतं कोण, शिकवणारे की दुसरे कोणी? चौथ्या आठवड्यात मला काही त्रास झाला तर मी कोणाचं दार वाजवायचं, आणि ती व्यक्ती त्याच इमारतीत राहते का? कोणी कोणाच्या भाषेवर, जातीवर, रंगावर, देशावर घसरलं तर मधे कोण पडतं? कथा ज्याची त्याने गप्प बसायचं हा नियम तुम्ही अजून तसाच पाळता का, की लेखकाला आधी प्रश्न विचारता येतात? हा प्रश्न आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे, कारण तुमच्या कथेत वटपौर्णिमा आली, देवघर आलं, माहेरवाशीण आली तर पंधरा जण पंधरा मिनिटं हे काय आहे ह्यावरच बोलत बसतील, आणि तुम्ही गप्प. अलीकडे ह्या जुन्या पद्धतीवर खुद्द तिकडेच बरीच टीका झालीय ती ह्याच कारणाने. जे चालवणारे ह्यावर मोकळेपणाने उत्तर देतात तिथे जा, जे नुसतं माहितीपत्रक पाठवतात तिथे जपून.

आणि शिष्यवृत्तीचं त्यांनाच विचारा, लाजू नका. सगळ्या मोठ्या कार्यशाळांकडे थोडीफार मदत असते आणि ती मागणाऱ्यालाच मिळते.

बहिणीने क्लॅरियन, क्लॅरियन वेस्ट आणि ओडिसी अशा तिन्ही ठिकाणी मेल केले. दोन ठिकाणांहून सविस्तर उत्तर आलं, एकाने तर तिने विचारलेल्या गप्प बसण्याच्या प्रश्नावर दोन मोठे परिच्छेद लिहिले. तिने ठरवलं की ह्या वर्षी ओडिसीला अर्ज करायचा, घरून, बिनपगारी रजा घेऊन, आणि पुढच्या दोन वर्षांत आणखी दहा कथा हातून झाल्या की मग सिअ‍ॅटल. मला पटलं. सिअ‍ॅटल आधी म्हणणारी मीच होते, पण तिच्या पाचच कथा झाल्यात आणि हे तिला माझ्याआधी कळलं.

आता अर्जासोबत पाठवायची कथा ठरवायची आहे. येत्या रविवारी ती परत येतेय दोन कथांचे प्रिंटआउट घेऊन, आणि मी स्टेशनरीच्या दुकानातून लाल पेन आणून ठेवलंय.